चिंधूमामाजींचा शब्द

नाचणगावच्या पद्माला लग्नानंतर बाहेरून बी.ए. करायचं होतं, आणि गाडी अडत होती ती इंग्रजीत. १९७४ साली नवरा केशवनं पुलगावहून डिक्शनरी आणून दिली. पद्मा रोज शब्द घोकी. सकाळी पाठ झालेला शब्द संध्याकाळी उडून जाई.

सासू आनंदाबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. डाळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "नुसती घोकून काऊन राह्यली? शब्दाले कामाले लाव. घरात राबला का घरचा होईन."

मग शब्द राबू लागले. अडेल बैल ‘ऑब्स्टिनेट’ झाला. शेजारचे चिंधूमामाजी रोज संध्याकाळी सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, येऊन बसत. चहा संपे, बोलणं संपत नसे. ते झाले ‘गॅरुलस’.

एकदा हा शब्द त्यांच्या कानावर पडला. "मले काय म्हणून राह्यल्या?"

"मोठ्या मनाचा मानूस," आनंदाबाईंनी वेळ मारून नेली.

मामाजी फुलून गेले. पानठेल्यावर सांगत सुटले, "मी गॅरुलस हाओ!" तिथं हायस्कूलचे पुंडलिकराव मास्तर उभे होते. त्यांनी हसत हसत खरा अर्थ सांगितला: बडबड्या.

दुसऱ्या दिवसापासून मामाजी येईनात. सपरी सुनी पडली. आनंदाबाई मात्र चहाच्या आधणात कपभर पाणी जास्तच टाकत.

शेवटी पद्मा त्यांच्या घरी गेली. "मामाजी, चुकलं आमचं."

मामाजींनी मान वर केली नाही. "मी लय बोलतो, खरं हाये. घरवाली गेल्यापासून इथं बोलाले कोणी नाई. पण हासाले मीच भेटलो काय?"

पद्मा त्यांच्यासमोर खाली बसली.

मग तेच म्हणाले, "दुसरा शब्द दे मंग. चांगला."

पद्मानं घरी येऊन डिक्शनरी उघडली. मोठेपणाचे शब्द पुष्कळ सापडले, पण ते त्यांच्या अंगाला बसेनात. शोधता शोधता ‘इन्डिस्पेन्सेबल’ हाती लागला: ज्याच्यावाचून चालतच नाही असा. आनंदाबाई अर्थ ऐकून म्हणाल्या, "हा बराबर."

पद्मानं जाऊन सांगितलेला शब्द मामाजींनी तोंडात घोळवला, सदरा चढवला आणि थेट मास्तरांचं घर गाठलं. अर्थाची खात्री करून घेतली, तेव्हाच सपरीत येऊन टेकले. "साखर कमी टाकजो, सूनबाई," एवढंच बोलले.

पद्मा एकदा इंग्रजीत नापास झाली, मग पास झाली. पुढं देवळीच्या शाळेत शिकवू लागली. नवा शब्द दिला की पहिलं वाक्य ती मुलांना स्वतःबद्दल करायला लावी, दुसऱ्याबद्दलचं नंतर.