यंत्रातली पंचवीस मिनिटं

आमची पोस्ट बर्फात होती. जागेचं नाव सांगत नाही. मी हवालदार. माझ्या हाताखाली लान्स नायक रघुनाथ, पाटणकडचा, वय सव्वीस. त्या दिवशी सहा दहाला स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सज्ज पहारा, संपलं. दोघांनी बंकरमध्ये चहा ठेवला. सहा वीसला वरचा बर्फाचा कडा सुटला.

आवाज फारसा झाला नाही. एकदम काळोख झाला. छातीपर्यंत बर्फ, दोन्ही हात अडकलेले. रेडिओ सेट हातभर लांब होता आणि चालू होता.

"चार्ली टू, सिच्युएशन रिपोर्ट. ओव्हर."

चार्ली टू म्हणजे आमची पोस्ट. खालून कंपनी परत परत विचारत होती. ऐकू येत होतं, उत्तर देता येत नव्हतं. रघुनाथ माझ्या पायांशी कुठंतरी होता. तासभर त्याचा आवाज आला. मग थांबला. नऊ चाळीसला आम्हाला उकरून काढलं. मी जिवंत होतो.

पेन्शन घेऊन उंब्रजला आलो. न्हाणीघराला कडी लावत नव्हतो. पुण्याच्या वाटेवर बोगदा लागतो, म्हणून मुलीकडं जाणं सोडलं. घरच्यांना गुडघ्याचं कारण सांगायचो.

गेल्या वर्षी डावा पाय बधिर व्हायला लागला. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, मणक्यात गाठ दिसतेय, एमआरआयशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, उशीर झाला तर पाय जाईल. हृदय कमजोर, त्यामुळं ऑपरेशनची भूल टाळता येणार नव्हती, पण नुसत्या एमआरआयसाठी आणखी एकदा भूल द्यायला ते तयार नव्हते. दोनदा गेलो. दोन्ही वेळा डोकं यंत्रात जाताच उठून बाहेर आलो. दुसऱ्यांदा तिथल्या टेक्निशियनला ढकललं.

डॉक्टरांनी साताऱ्याच्या एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमचं नाव दिलं.

"मी येडा न्हाई," मी बायकोला म्हणालो.

शालन म्हणाली, "येडं न्हाई. पर लंगडं व्हायचंय का?"

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भीती चढते, टोकाला जाते आणि तिथंच थांबलं तर आपोआप उतरते. तुम्ही दर वेळी टोकाच्या आधीच बाहेर पडता, म्हणून ती उतरताना तुम्ही कधी पाहिलीच नाही."

मग सराव ठरला. आधी न्हाणीघर, कडी लावून दोन मिनिटं. मग पाच. मग काचा बंद करून गाडीत. साताऱ्यातल्या एका इमारतीची लिफ्ट एका सकाळी अकरा वेळा. शेवटी घरी पलंगाखाली उताणं पडायचं. शालन घड्याळ घेऊन बाहेर बसायची आणि भीती दहापैकी किती ते विचारायची.

"दहातलं किती?"

"आठ."

"पडून ऱ्हावा."

पलंगाखालच्या सरावाच्या चौथ्या दिवशी ओरडत बाहेर आलो आणि तिच्यावर खेकसलो. तिनं घड्याळ बाजूला ठेवलं, भाकरी वाढली. दुपारी परत खाली घातलं.

दीड महिन्यानं सांगलीला गेलो. आत धातू चालत नाही. शालननं मंगळसूत्र काढून सोबत आलेल्या तिच्या बहिणीच्या हातात दिलं. लग्नानंतर ते तिच्या गळ्यातून कधी उतरलं नव्हतं. ती आत येऊन माझा पाय धरून उभी राहिली.

हातात रबरी फुगा दिला होता. दाबला की बाहेर काढणार. फळी आत सरकली. छत नाकाला टेकल्यासारखं वाटलं. यंत्र धडधडायला लागलं. छातीवर वजन आलं, श्वास तुटला. दहा. फुग्यावर बोटं आवळली.

दाबला असता तर बाहेर होतो.

यंत्रातून टेक्निशियनचा आवाज आला, "काका, हलू नका. अजून वीस मिनिटं."

श्वास मोजत राहिलो. भीती अजून तिथंच. दहा. परत दहा. कपाळावरचा घाम कानात गेला. पायावरचा हात घट्ट होता. किती वेळ गेला कळलं नाही, पण एका क्षणी भीतीचा आकडा नऊ आला. मग सात. फुगा हातात होता, बोटं सैल होती. बाहेर आलो तेव्हा पाच होतं.

तपासणीत गाठच निघाली. ऑपरेशन झालं. पाय राहिला, थोडा ओढत चालतो.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर पाटणला गेलो, रघुनाथच्या आईकडं. इतकी वर्षं तिथं जाणं टाळलं होतं. हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "त्यो जागच्या जागी गेला, आसं कळवलं हुतं."

"न्हाई आई. तासभर बोलत हुता."

"काय म्हणत हुता?"

"मला म्हणत हुता, आबा, झोपू नगा, बोलत ऱ्हावा. मग तुमच्या हातच्या नाचणीच्या भाकरीचं काढलं. परड्यातला फणस औंदा धरला का, म्हनून इचारलं."

तिनं दारातून परड्याकडं पाहिलं.

"म्हंजी माझं लेकरू येकलं नव्हतं."

"न्हाई आई," मी म्हणालो. "मी हुतो."