उशाखालचं पिस्तूल

कट्टा गावात आमच्या शेजारच्या काकांकडे परवान्याचं पिस्तूल होतं. परसात करवंटीवर नेम धरत आणि रिकामी झालेली काडतुसं घरापुढच्या खळ्यात बसून स्वतःच पुन्हा भरत. "बाजारातला काडतूस ऐनवेळी दगो देता रे," ते मला बजावत. "आणि घरात हत्यार आसला की माणूस निवांत झोपता." स्वतः मात्र दाराला अडसर घालून, पिस्तूल उशाखाली घेऊन रात्रभर कूस बदलत.

निवडणूक आली आणि नियमाप्रमाणे पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. तो महिनाभर त्यांचं दार सताड उघडं असे आणि घोरणं आमच्या ओटीपर्यंत ऐकू येई.

पिस्तूल परत आलं त्याच संध्याकाळी अडसर पुन्हा चढला.

"काका, आता पिस्तूल इला मा? मग अडसर कित्याक?"

"अरे, पिस्तूल कोणी चोरल्यान तर?"