साडेदहाला थांबणारं इंजिन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी मेकॅनिकल इंजिनियर, माहेर पुण्याचं, नोकरी ऑकलंडला पेनरोजच्या एका फॅक्टरीत. रस्त्यावर पडलेलं लिंबू ओलांडायला घाबरणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही... केल्याचं फळ म्हणायचं.

२०१६ची गोष्ट. ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातल्या आमच्या गराजमध्ये १९६२ची एक फिकट हिरवी ब्रिटिश गाडी उभी होती. बॉडी देखणी, इंजिन कायमचं जॅम. बाबा सहा महिन्यांसाठी राहायला आले होते. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस; स्वतःच्या घरात गाडी कधी आली नाही. त्यांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यात बसून फिरल्याशिवाय मी विमानात बसत नाही."

इंजिन मिळालं दोन गल्ल्या पलीकडे. मार्गरेट नावाच्या एका आजींच्या लॉनवर जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, सडत होतं. छत गळकं, आतला ओटा कुजलेला. पण मोठं व्ही-एट इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठणठणीत. मोटरहोम सुट्टीपुरतंच बाहेर पडतं, म्हणून इंजिन फार झिजत नाही. "इट वॉज रॉन्स," त्या म्हणाल्या. "लुक आफ्टर इट." रॉन म्हणजे त्यांचे यजमान, काही वर्षांपूर्वी गेलेले.

ते छोट्या गाडीत बसवताना आमच्या नाकी नऊ आले. इंजिनखालचा तेलाचा डबा, म्हणजे ऑइल सम्प, स्टिअरिंगच्या दांड्याला आपटायचा, तो कापून पुन्हा वेल्ड केला. गिअरबॉक्स मावेना, म्हणून तळाचा पत्रा कापून जागा वाढवली. मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाबांनी डोळे पुसले. मीही.

साडेदहाला ते बंद पडलं.

खोकलं नाही, अडखळलं नाही... नुसतं थांबलं. वीस मिनिटांनी परत चालू. दुसऱ्या दिवशी तेच. सातला सुरू करून पाहिलं, दहा पंचवीसला सुरू करून पाहिलं — बंद साडेदहालाच. म्हणजे तापण्याचा संबंध नाही. कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला, सगळं वायरिंग उपसलं. नवरा आयटीतला. म्हणाला, "रीस्टार्ट करून बघितलंस का?" त्याच्याशी मी दिवसभर बोलले नाही.

एप्रिलमध्ये इथली घड्याळं एक तास मागे गेली. मला आनंदच झाला. सरकारने घड्याळ बदललं हे यंत्राला काय कळणार? आता ते साडेनऊला बंद पडेल आणि बिघाडाची मानगूट माझ्या हातात येईल. साडेनऊ वाजले... इंजिन चालूच. साडेदहाला बंद.

खरं सांगते, मी घाबरले.

संध्याकाळी बाबांना घेऊन मार्गरेटकडे गेले आणि आडून आडून विचारलं. त्या हसल्या. "हाफ पास्ट टेन? दॅट्स रॉन्स स्मोको, डिअर." स्मोको म्हणजे इथली कामावरची चहाची सुट्टी. रॉन कुठेही असोत, साडेदहाला मोटरहोम कडेला घ्यायचे आणि किटली ठेवायचे. वीस मिनिटं. त्यांनी ते एकदाही चुकवलं नाही म्हणे.

मला वाटलं, बाबा आता नारळ-लिंबू काढणार. ते उलट खूश झाले. "बरोबर आहे त्याचं. आमच्या डेपोत चहाच्या वेळेला साहेबाने काम सांगितलं तर अख्खं वर्कशॉप पाने खाली ठेवायचं."

पण इंजिन बदललेली गाडी इथे सर्टिफायरने, म्हणजे सरकारमान्य तपासनीसाने, पास केल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. वेळ मिळाली मेमधल्या एका शुक्रवारची, तीही सकाळी दहाची. बाबांचं विमान त्याच रविवारी. टेस्टमध्ये गाडी बंद पडली असती, तर बाबा तिच्यात न बसताच परत गेले असते.

आम्ही गाडी ट्रेलरवर चढवून नेली. सर्टिफायर दाढीवाला, कमी बोलणारा. गाडीखाली आडवा होऊन त्याने माझं वेल्डिंग इंच न् इंच तपासलं. दहा अठ्ठावीसला उठला आणि किल्ली मागितली. तेवढ्यात बाबा थर्मास घेऊन पुढे झाले.

"फर्स्ट टी," ते म्हणाले. "इंजिन आल्सो."

त्याने घड्याळ पाहिलं आणि इथल्या बोलीत होकार दिला. "स्वीट अ‍ॅज."

माणसं आम्ही तिघं. बाबांनी कप चार भरले. चौथा मडगार्डवर ठेवला. सर्टिफायरने त्या कपाकडे पाहिलं आणि आपला कप उचलला.

दहा पन्नासला त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच बोललं. मोठी चक्कर मारून तो परतला तेव्हा चक्क हसत होता. "हीप्स ऑफ टॉर्क," म्हणाला, म्हणजे इंजिनात ओढायची ताकद भरपूर. पास!

शनिवारी बाबांना पुढे आणि मार्गरेटला मागे बसवून मोटरवेने दक्षिणेला निघाले. बॉम्बे हिल्स नावाच्या इथल्या टेकड्यांचा चढ गाडीने हसत घेतला. बाबा कोपर खिडकीबाहेर काढून मंत्र्यासारखे बसले होते. साडेदहाला मी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि थर्मास उघडला. मार्गरेट कप हातात धरून बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून इंजिन एकदाही आपणहून थांबलेलं नाही, कारण साडेदहाला मीच ते बंद करते. का, कसं, मला माहीत नाही. डिग्री भिंतीवर आहे, पण इथे तिचा उपयोग होत नाही.

बाबा पुण्यात पहाटे चारला, इथली घड्याळं पुढे गेली की तीनला उठतात, तेव्हा इथे साडेदहा वाजलेले असतात. शनिवारी त्यांचा फोन ठरलेला. माझी चौकशी नंतर. आधी विचारतात, "रॉनचा चहा झाला का?"