तापलेल्या नळीपाशी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात तांब्याच्या वाफेवर चालणारा लेसर माझ्या ताब्यात होता. सिरॅमिकची लांब नळी, आत तांब्याचे तुकडे. वीज सोडून नळी पंधराशे अंशांच्या आसपास तापवली की तांब्याची वाफ होते आणि हिरवा-पिवळा झोत निघतो. तापवायलाच दीड तास जातो. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला हे काम कुणी दिलं, देव जाणे.

सोबतीला माकुणसार गावचे काका, जुने तंत्रज्ञ. झोतापासून डोळे वाचवणारा चष्मा जरासा वर करून समोरच्या विटेवर पडलेल्या झोताचा रंग बघायची त्यांना खोड. त्यावरून मी रोज खेकसायचे.

त्या सकाळी झोताची ताकद दाखवणारा काटा उतरू लागला. नळी थंड पडतेय असं समजून मी वीज वाढवली. काटा आणखी उतरला, मी आणखी वाढवली. नळी जास्त तापली तरी ताकद अशीच घटते, हे मला तोंडपाठ होतं. पण घाईत ते डोक्यातच आलं नाही.

नळीच्या टोकाला काच असते आणि काचेलगत थंड पाण्याचा पाइप. उष्णतेनं तो सैल होऊन सुटायला लागला, तसा काकांनी दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांचं तोंड काचेपासून हातभरावर. पाणी उडालं असतं तर तापलेली काच फुटून थेट त्यांच्या चेहऱ्यावर आली असती.

"मॅडम, झोतातला हिरवा गेलाय. जास्त तापलीय ती."

 माझा हात वीज तोडायच्या लाल बटणाकडे गेला.

"बंद नाय करायचं! एकदम थंड झाली तर तडकेल. हळूहळू उतरवा. मी धरलाय पाइप."

वीस मिनिटं मी वीज टप्प्याटप्प्यानं कमी करत होते.  काकांच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं. वीज कमी होत होती आणि काटा उलट वर चढत होता. मी अक्षरशः रडकुंडीला आले होते.

सगळं निवल्यावर बाहेर पायरीवर चहा घेताना मी विचारलं, "काका, भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली ना. तुमी पयल्यांदा वीज वाढवलीत तेवाच मला कळलेलं. पण तुमाला सांगायची भीती वाटली."