खोट्या आंब्याचा पत्ता

भंडाऱ्याहून निघताना सरांनी पत्ता म्हणून माझ्या हातात चक्क एक चित्र ठेवलं. टेकडी, ओढा (आमच्याकडचा नाला) आणि काठावर शेतकऱ्याचं घर. ना घर क्रमांक, ना फोन!

सर माझे चित्रकलेचे शिक्षक. जन्मभर शाळा सांभाळून सुट्ट्यांत निसर्गचित्रं काढत हिंडले. ऐंशीव्या वर्षी त्यांचं पहिलं प्रदर्शन आम्ही विद्यार्थी भरवतोय, तर यांचा हट्ट : तरुणपणी पुण्याजवळच्या धायरीला तात्या नावाच्या शेतकऱ्याला दिलेलं, याच जागेचं दुसरं चित्र आधी आणा. "तिथे नसलेला आंबा मी त्यात काढलाय. ते खोटं मिटवल्याशिवाय प्रदर्शन नाही."

पुण्यात पोचून धायरीची बस धरली. उतरले आणि कपाळावर हात मारला. टेकडी इमारतींआड, ओढा स्लॅबखाली. एका फाटकाशी पेपर वाचणाऱ्या आजोबांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा करून ते नीट पाहिलं.

"पत्ता अगदी बरोबर आहे. फक्त आपण चाळीस वर्षं उशिरा आलात."

आणि पुन्हा पेपरात डोकं! दोन तास वणवण करून शेवटी मिसळ खायला बसले, तर तीही गोड. माझा चेहरा बघून हॉटेलवाल्याने विचारपूस केली. चित्र पाहताच म्हणाला, "ही टेकडी आमच्या तात्यांच्या रानातनं अशी दिसायची. त्या पिवळ्या इमारतीत ऱ्हातात, दुसरा मजला."

तात्या भेटले. चित्र मात्र गॅसच्या शेगडीवर टांगलेलं, फोडणीच्या धुराने काळवंडलेलं.

"अहो, चित्र इथे लावतात का?" मी ओरडलेच.

"मंडळी हितं, मी हितं. मग रान बी हितंच पायजे." रान म्हणजे शेत, चित्रातलं.

"आठ दिवसांसाठी द्या. सरांना त्यातला आंबा मिटवायचाय."

"आंबा? न्हाई द्यायचा."

मी हात जोडले, मग आवाज चढवला. तात्या ढिम्म. त्यांनी मला खिडकीशी नेलं. खाली गाड्यांच्या मधोमध भलामोठा आंबा उभा होता.

"मास्तरांनी काढलं तवा हितं कायबी न्हवतं. जाताना म्हनले, हितं झाड पायजे हाय. म्हनून लावलं. रान इकलं तवा बिल्डरला सांगितलं, झाड ऱ्हाईल तरच सही."

चडफडत, रिकाम्या हाताने भंडाऱ्याला परतले. एवढ्या लांबच्या प्रवासाचं फळ म्हणजे फोनमधला त्या आंब्याचा एक फोटो. सरांपुढे तो धरला आणि सगळं सांगून टाकलं. आता चिडतील, प्रदर्शन रद्द करतील, या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता.

सरांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. ज्या आंब्याची त्यांना एवढी वर्षं लाज वाटली, त्याच्या सावलीत कुणीतरी गाड्या लावत होतं.

"केवढा झालाय?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यापर्यंत."

"मी तर लहानसाच काढला होता गं," सर म्हणाले. मग म्हणाले, "प्रदर्शनाच्या पत्रिका छापायला टाका."