फक्कीमामाची दोरी

चर्चच्या मैदानावर उन्हाळ्याच्या सुटीत पोरांचं क्रीडाशिबिर भरतं, आणि त्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारतो तो फक्कीमामा. धंद्यानं रंगारी. अकरा महिने लोकांच्या भिंती रंगवायच्या आणि एक महिना देवाच्या नावानं फुकट राबायचं, हा त्याचा चोवीस वर्षांचा नेम. पोरं यायच्या आधी डब्यात चुन्याची फक्की भरायची आणि कंबरेत वाकून शर्यतीच्या पट्ट्या आखायच्या. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं बायको रोज दारातून ऐकवायची. तो कानाआड करायचा. त्याची रेघ मात्र अशी, की मुंगी तिच्यावरून निघाली तर वाट चुकायची नाही.

मापाला एक निळी नायलॉनची दोरी. पन्नास मीटर, दोन्ही टोकांना फास, फासात खुंटी. दोनदा टाकली की शंभर. पहिल्या वर्षी मोजून घेतली होती. "बायको आणि दोरी एकदाच पारखून घ्यावी, रोज मोजत बसू नये," असं तो हसून सांगायचा.

चर्चच्या सभागृहात विक्रमांचा फळा आहे. अक्षरं ह्याच्याच हातची. शंभर मीटर, मुली: तिथं त्याच्या लेकीचं नाव आणि तेरा पूर्णांक नऊ सेकंद. सोळा वर्षांत कुणाला मोडता आलं नाही. दर उन्हाळ्यात फळा उजळताना बाकीच्या नावांवर ब्रश एकदा फिरायचा, लेकीच्या नावावर दोनदा.

लेक मात्र ह्या घरात पाऊल टाकत नव्हती.

तो विक्रम केला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्या तेरा-नऊवर फादरांनी शिफारशीची चिठ्ठी दिली आणि शहरातल्या खेळाच्या वसतिगृहानं तिला घेतलं. गल्लीनं हार घातले. तिथं पहिल्याच चाचणीत पोर शेवटून पहिली. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्याही महिन्यात तेच. चौथ्या महिन्यात ट्रंक हातात देऊन तिला घरी धाडलं. दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "बाबा, तिथले शंभर मीटर जास्त लांब आहेत."

शेजारपाजार गोळा झाला होता. फक्कीमामाला लाज खात होती. तो मोठ्यानं म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे खो-खो हसले. त्या दिवसापासून गल्लीत पोरीचं नाव पडलं 'वाकडं अंगण'. पाण्याला निघाली तरी कुणीतरी ओरडायचं. ती पुन्हा धावली नाही. एकोणिसाव्या वर्षी स्वतःच लग्न ठरवलं आणि गेली. फोन करायची तो आईला. बाप बोलायला आला की लाइन कट.

यंदा शिबिराला खेळाच्या नव्या बाई आल्या. त्यांच्याकडे पोलादी टेप.

"मामा, ही पट्टी कमी भरतेय."

"तुमची टेप नवी आहे, बाई. जरा मुरू द्या तिला."

"सहा मीटर कमी, मामा."

त्यानं स्वतः टेप धरली. तीनदा टाकली. तिन्ही वेळा चौऱ्याण्णव. दोरी सत्तेचाळीसच भरत होती.

दुपारी घरी आला तेव्हा बायको धुणं वाळत घालत होती. भिंतीपासून खांबापर्यंत निळी दोरी. सोळा वर्षं तो रोज तिच्याखालून वाकून घरात शिरत होता.

"ही कुठली गं?"

"कुठली म्हणजे? तुमच्याच भेंडोळ्यातली. पोरगी न्हाती झाली त्या साली तिचे कपडे कुठं वाळवायचे? चारदा सांगितलं, दोरी आणा. तुम्ही आपले मैदानावर. घेतली सहा-सात हात कापून. फास परत अगदी तुमच्यासारखा मारला होता हं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगून तुम्ही ऐकता कधी?"

तो उलट्या पावली चर्चमध्ये गेला. फादरांना म्हणाला, "फळ्यावरचं खोटं आहे. पुसतो."

"मामा, पोरं धावली हे महत्त्वाचं. रविवारी पाहुणे यायचेत, आता कशाला गवगवा? यंदापासून नीट मोजा म्हणजे झालं."

"माझ्या पोरीच्या चिठ्ठीवर सही कुणाची होती?"

"ती आधीच्या फादरांची. आणि दोरी तुमची."



संध्याकाळी त्यानं बायकोच्या फोनवरून लेकीला फोन लावला.

"हां आई, बोल."

"मी आहे. ठेवू नकोस. माझी दोरी आखूड होती. आईनं कापली होती, मला ठाऊक नव्हतं. तिथलं मैदान खरंच लांब होतं, सहा मीटर."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"मला माहीत आहे, बाबा."

"कसं?"

"आपल्याकडे माझी धाव बासष्ट पावलांत संपायची. तिथं सहासष्ट पडायची. दर वेळी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. दारात उभी राहून. पण तुम्ही म्हण सांगत होता." मग ती म्हणाली, "आईला द्या फोन."

त्यानं दिला. मायलेकी कुणाच्या तरी खोकल्यावर बोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं टेप लावून पुरे शंभर मीटर आखले. मग सभागृहात जाऊन लेकीची ओळ स्वतःच्या हातानं रंगानं बुजवली. रविवारी पाहुण्यांनी विचारलं, फळ्यावर हे भोक कसलं? फादर संतापले. पुढच्या वर्षीपासून रेघा मारायला दुसरा माणूस लावला.

घरची निळी दोरी त्याला तोडायची होती. हातात कोयता घेऊन उभाही राहिला. बायको आतून म्हणाली, "तोडा की. आणि माझे कपडे कुठं घालू, तुमच्या मैदानावर?"

कोयता खाली ठेवून तो वाकला आणि दोरीखालून घरात शिरला.