मडगार्डमधलं सिमेंट

मागच्या मडगार्डमधून सिमेंट निघालं तेव्हा राऊतकाका माझ्या शेजारीच उभे होते. ग्राइंडरखाली ठिणग्या उडायच्या ऐवजी पांढरी धूळ उडाली. मी थांबलो, स्क्रूड्रायव्हरने टोकरलं. मूठभर गिलावा खाली पडला. आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी.

तलासरीला हायवेवर माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. गाड्यांमधून काय काय निघताना पाहिलंय. भिंत पहिल्यांदाच.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, झाईला वाडी. गाडी वडिलांची, डुक्कर फियाट. दर रविवारी पॉलिश. मडगार्डवर रंगाला फोड आले म्हणून आणली होती. आल्या आल्या बजावलं होतं, "ओरिजिनल पत्रा आहे. पुट्टीचा कण नाही." पुट्टी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लेप. ती खरंच नव्हती.

"तू बदललंस," काका म्हणाले.

"काय बदललं?"

"माझा पत्रा. विकलास आणि हे थापलंस."

"काका, हा पत्रा विकत कोण घेणार?"

हे बोलायला नको होतं. काकांनी फोन काढला, पोलिसांना लावतो म्हणाले. बाहेर थांबलेली दोन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या निरखायला लागली. धंदा बसतो तो असाच.

"आधी घरी लावा," मी म्हटलं. "गाडी अजून कोणी चालवायचं का, विचारा."

"कोण चालवणार? हिला क्लच कुठला ते कळत नाही."

तरी लावला, स्पीकरवर. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सापडलं का?"

"म्हणजे तुला माहीत होतं?" काका म्हणाले.

"तुम्ही ड्युटीवर असायचात, मी शिकत होते. रिव्हर्स घेताना फाटकाचा खांब लागला, पत्रा फाटला. वरोरचा गवंडी आपला संडास बांधत होता. त्याला म्हटलं, भाऊ, एवढं बुजवून दे."

"आणि रंग?"

"खिडक्यांचा उरलेला. तुम्हीच हौसेने गाडीच्या रंगाच्या केल्या होत्या ना खिडक्या."

"म्हणजे इतकी वर्षं मी संडासाच्या सिमेंटला पॉलिश मारतोय?"

"चकचकीत ठेवलंत हो," काकू म्हणाल्या.

काका स्टुलावर बसले. मी चहा मागवला. माझ्यावरचा आळ गेला होता, मडगार्ड तसंच होतं. काका म्हणाले, नवीनच टाक. वापीच्या पार्टवाल्याला फोन केला. "ए तो हवे म्युझियममां मळशे," आता म्युझियममध्येच मिळेल, म्हणाला आणि हसत फोन ठेवून दिला.

मग दुरुस्ती. सिमेंट ओल धरून ठेवतं, त्यात झाईची खारी हवा. पत्रा बिस्किटासारखा चुरत होता. सडलेला भाग कापला, पुठ्ठ्यावर माप काढून नवा तुकडा केला. गोलाई आणायला मागून डॉली धरायची, म्हणजे लोखंडी ठोकळा, आणि पुढून हातोडी. हळूहळू. जोरात ठोकलं की पत्रा ताणतो आणि त्याचं पोट सुटतं. वेल्डिंगही टिपक्याटिपक्याने, नाहीतर तापून वाकतो. शेवटी पुट्टीचा पातळ हात द्यावाच लागला. काकांनी तोंड फिरवलं.

गाडी न्यायला दोघंही आली. काकूंनी मडगार्डवरून हात फिरवला. "छान झालंय. गवंड्याचं पण असंच गुळगुळीत होतं."

मग त्यांनी चावी मागितली. काकांनी दिली आणि शेजारी जाऊन बसले. क्लच काकूंना चांगला कळत होता.

तेव्हापासून जुनी गाडी आली की ग्राइंडर लावण्याआधी मी मालकाच्या बायकोला बोलावून घेतो. मालकाला गाडीची सर्व्हिस हिस्टरी पाठ असते. खरी हिस्टरी घरी असते.